‘नाना’चा शेरा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची तसबीर मागे आहे. त्यांच्याविषयी प्रास्ताविकात बोलून झालं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलून झालं. तेव्हा मी सरळ विषयाला हात घालतो. पत्रिकेवर ‘माजी सैनिक आणि अपंगत्व पेन्शन’ असं छापलंय. त्यातलं मी आज फक्त छातीच्या दुखण्याबद्दल बोलणार आहे. धाप, दमा, हटत नाही तो खोकला. पाय गेलेल्या जवानाकडे बघून कुणी ‘कशावरून?’ असं विचारत नाही. धाप लागलेल्या जवानाला मात्र पहिला प्रश्न तोच विचारतात.

१९९४ च्या पावसाळ्यात महाडला माझ्या कचेरीत एक हवालदार आले. कचेरी तेव्हा माडीवर होती. अठरा पायऱ्या. ते मध्ये दोनदा थांबले, ते मला वरून ऐकू आलं. वर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि बोट लावून विचारलं, “वकीलसाहेब, हा नाना कोण?”

कागद मेडिकल बोर्डाचा होता. एका रकान्यात इंग्रजीतली चारच अक्षरं होती. एन, ए, एन, ए. आपल्याकडे घरटी एक नाना असतो, थोरला भाऊ नाहीतर चुलता. हवालदारांना वाटलं, नाना नावाच्या कुणा साहेबाने आपला अर्ज नाकारला. मी हसलो नाही, पण मनात हसलो. त्याची लाज अजून आहे. कारण त्या चार अक्षरांचा अर्थ मला तरी कुठे नीट माहीत होता? ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’. दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे बळावलेलंही नाही. त्याखाली ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असा आणखी एक शब्द होता. म्हणजे दुखणं प्रकृतीचंच आहे, जन्माचं. हवालदार सतरा वर्षं गाडी चालवून आले होते. राजस्थानात, मग लडाखला, दोन हिवाळे बर्फात. बोर्डाने अपंगत्व वीस टक्के धरलं होतं. पण शेरा ‘नाना’, म्हणून त्या वीस टक्क्यांचा एक पैसाही मिळणार नव्हता.

मी त्यांना म्हणालो, “हवालदार, वरून आलंय. डॉक्टरांनी लिहिलंय. आता काय होणार?” त्यांनी कागदाची होती तशीच घडी घातली. फी विचारली. मी घेतली नाही, तेवढाच काय तो चांगुलपणा. २००६ साली ते गेले. मधल्या बारा वर्षांत त्यांनी दुसरं पत्र पाठवलं नाही. पाठवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी.

आता नियम काय होते ते सांगतो. ते १९९४ सालीही होते, मी वाचले नव्हते इतकंच. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतलं कलम १७३ सांगत होतं, की दुखणं नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीमुळे बळावलेलं असेल आणि वीस टक्के वा त्याहून जास्त असेल, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. त्याच्या जोडीला १९८२ चे हक्कनियम आले, आणि खरी गोम त्यांत आहे. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता असं धरून चाला. भरतीच्या कागदावर एखाद्या दुखण्याची नोंद नसेल आणि पुढे त्याच दुखण्यापायी त्याला घरी पाठवावं लागलं, तर ते दुखणं नोकरीतच जडलं असं साधारणपणे माना. आणि पुरावा द्यायची जबाबदारी जवानावर टाकू नका. शंका राहिली तर तिचा फायदा त्याला द्या.

पुन्हा सांगतो, मागच्या रांगेत कदाचित ऐकू गेलं नसेल. दुखणं लष्करात झालं हे जवानाने सिद्ध करायचं नाही. ते लष्करात झालं नाही हे सरकारने दाखवायचं. हे लिहिलंय सरकारी नियमात, माझ्या पदरचं काही नाही.

एवढं असताना माणसं हरतात कशी? शेरा मारणाऱ्याने कारण दिलं नाही तरी विचारणारं कुणी नसतं म्हणून. कारण लिहावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते धरमवीरसिंग खटल्यात. सिग्नल कोअरचा हा शिपाई १९८५ साली भरती झाला. फेफरं येऊ लागलं म्हणून १९९४ साली वीस टक्के अपंगत्व लावून त्याला घरी पाठवलं. बोर्डाने दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं आणि का नाही ते लिहिलं नाही. निकाल लागला २ जुलै २०१३ रोजी, म्हणजे एकोणीस वर्षांनी. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी नोंद नव्हती, बोर्डाने कारण दिलेलं नाही, तेव्हा नियमाप्रमाणे दुखणं नोकरीतलंच धरा. त्याला बोर्डाने घरी पाठवलं ते साल बघा. १९९४. माझे हवालदार माडी चढून आले ते साल. धरमवीरसिंगला दुसरं पत्र लिहायला सांगणारा कुणीतरी भेटला.

छातीच्या दुखण्याची पंचाईत अशी, की त्याला तारीख नसते. गोळी कुठल्या दिवशी, कुठल्या चौकीवर लागली ते लिहून ठेवतात. धूर किती दिवस, किती रात्री छातीत गेला ते कोण लिहून ठेवणार? उंचावरच्या बंकरमध्ये बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवतात. रॉकेलची असो नाहीतर कोळशाची, बाहेर शून्याखाली पारा आणि आत दहा माणसं, दार बंद. आत झोपलेल्या जवानाला सकाळी नाक पुसल्यावर रुमालावर काळं दिसतं. हे मी डझनभर माणसांकडून ऐकलंय, एकमेकांना कधीच न भेटलेल्या. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्मा. सियाचिनच्या कित्येक चौक्या याहूनही वर आहेत, आणि १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून तिथे आपली माणसं सतत आहेत. तिथल्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला फौजेत हापो म्हणतात. वेळीच खाली आणलं तर माणूस वाचतो. राजस्थानात वाळूची वादळं, वर्कशॉपमध्ये डिझेलचा धूर, लंगरमध्ये चुलीचा. लंगरच्या चुलीपाशी वीस वर्षं काढलेला जवान रायफल हातात घेऊन धावला नसेल, म्हणून त्याची छाती फौजेबाहेरची ठरते का?

कागदावर मात्र एवढंच येतं: ‘निदान पीस स्टेशनमध्ये’, म्हणजे शांततेच्या ठिकाणच्या पोस्टिंगवर. जवान लडाखहून उतरून देवळालीला किंवा पुण्याला येतो, खोकला थांबत नाही म्हणून हॉस्पिटलला जातो आणि तिथे दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळतं. मग बोर्ड म्हणतं, पीसमध्ये झालं, नोकरीचा ताण कुठे होता? निदान झालं त्याच दिवशी दुखणं जन्माला आलं, असा हा हिशोब. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मराठी आडनावाच्या माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात नेमका हाच हिशोब मोडला. दुखणं पीसमध्ये दिसलं एवढ्यावरून पेन्शन नाकारता येणार नाही, बोर्डाने खरं कारण शोधावं आणि लिहावं. मधुमेहाला जे लागू, ते दम्याला का लागू होऊ नये?

जुन्या नियमांना जोडून दुखण्यांची एक यादीही होती. हवामानाचा ज्यांच्यावर परिणाम होतो अशा दुखण्यांच्या सदरात फुप्फुसाचा क्षय होता, ब्राँकायटिस होता, प्लुरसी होती. थंडी, उंची आणि ओल छातीत उतरते हे सरकारने चाळीस वर्षांपूर्वीच छापून ठेवलं होतं. माझ्या हवालदारांच्या कागदावर ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’ असंच लिहिलेलं होतं. यादीतलंच दुखणं. आणि तरी नाना.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, वकिलीतल्या अनुभवाने सांगतो. ‘झालेलं’ आणि ‘बळावलेलं’ असे दोन दरवाजे आहेत. दम्याचे बहुतेक लोक पहिल्या दरवाज्यावर धडका मारतात. लहानपणी दमा नव्हता हे दाखवायला शाळेचे दाखले, गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, सरपंचाचं पत्र गोळा करतात. कशाला? दुसरा दरवाजा उघडा असतो. दुखण्याचं बीज अंगात असेलही, पण थंडीने, धुराने, उंचीने ते वाढलं एवढं पुरतं. कायद्याच्या लेखी दोन्हींची पेन्शन सारखीच.

सगळं खरं सांगायला हवं, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आपल्याकडच्या घरात चूल असते. फाल्गुन-चैत्रात राब भाजतात तेव्हा अख्खा डोंगर धुरात असतो, त्या दिवसांत मलाही खोकला लागतो. आणि विडी? हवालदार विडी ओढत होते. नियम सांगतो की तंबाखू किंवा दारूच्या अतिरेकाने झालेल्या अपंगत्वाची भरपाई मिळणार नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या हातातली. मी माझ्या पक्षकाराला खोटं सांगू देत नाही. ओढत होता तर ओढत होता. पण ‘अतिरेक’ म्हणजे किती ते कुठल्याही बोर्डाने मोजल्याचं मी पाहिलेलं नाही. दोन्ही महायुद्धं तंबाखूवर लढली गेली. सरकारी रसदीत सिगारेट आणि तंबाखू जवानाला वाटली जायची. तेव्हा तंबाखू धीर देणारी होती, पेन्शनच्या वेळी ती व्यसन झाली.

महायुद्धाचा विषय निघालाच आहे म्हणून जरा वाट सोडतो. छातीचं दुखणं आणि फौज यांचा संबंध विषारी वायूने जगापुढे आणला. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन वायू सुटला. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, लाहोर डिव्हिजनची हिंदी फौज तिथे चढाईला गेली. त्या दिवशीच्या पराक्रमासाठी जमादार मीर दस्तना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास मात्र त्यांना सोडून गेला नाही. आपल्या मराठा पलटणी त्या वेळी मेसोपोटेमियात होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या घराघरांतून माणसं गेली होती. आपल्याच तालुक्यातलं फौजी आंबवडे नावातच फौज घेऊन बसलंय. या पट्ट्यातल्या माणसाला फौज कशी असते हे शिकवावं लागत नाही. फौजेला अर्ज कसा लिहायचा ते मात्र शिकवावं लागतं.

खरं तर तेही शिकवावं लागू नये. रावढळ आपल्याच तालुक्यातलं. तिथले गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ च्या सुमारास त्यांनी थेट सरसेनापतीला उद्देशून विनंतीअर्ज लिहिला. पूर्वी आमची माणसं तुमच्यासाठी लढली, आता आम्हीच नालायक कसे झालो, असा त्याचा सूर. हा अर्ज लिहिला तो पेन्शनर हवालदाराने. कुणा वकिलाने, बॅरिस्टराने नव्हे.

अपील काय असतं हेही महाडकरांना माहीत आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर आले हे शाळेत शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये सनातनी मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तो १९३१ साली फेटाळला गेला. ते ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले, १९३३ साली हरले. मग उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी तिथेही हरले. म्हणजे जिंकणाऱ्या पक्षाला नऊ वर्षांहून अधिक काळ, तीन कोर्टांत, पुन्हा पुन्हा उभं राहावं लागलं. महाडच्या बारमध्ये मी हे नव्या वकिलांना सांगतो, कारण आपले जवानही असेच जिंकून पुन्हा कोर्टात ओढले जातात. सशस्त्र सेना लवाद जवानाच्या बाजूने निकाल देतो आणि सरकार वर जातं. २०१५ साली संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी कोर्टकज्जे कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंग जवानांच्या विरोधात सरकारने चालवलेल्या अपिलांवर तिने परखड लिहिलं.  पण अपिलं थांबली नाहीत.

आता रस्ता सांगतो. नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं. ते लष्कराच्याच अपील समितीकडे जातं. तिथेही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र सेना लवाद. २००७ च्या कायद्याने तो झाला, २००९ साली सुरू झाला. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे, मलबार हिलवर. वीर स्टेशनवर गाडी पकडून मुंबईला जाणारा आपला माणूस मलबार हिलवर पहिल्यांदाच पाऊल ठेवतो तो याच कामासाठी, असं मी अनेकदा पाहिलंय. आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला. महाडहून शंभर किलोमीटरच्या वर. धाप लागणाऱ्या माणसाला एका सहीसाठी एसटीने अलिबाग, आणि साहेब रजेवर असले तर पुन्हा अलिबाग. हे अंतर कुठल्या बोर्डाच्या रकान्यात येत नाही.

सहा महिने उलटून गेलेत म्हणून घरी बसू नका. तरसेमसिंग नावाच्या जवानाला १९८३ साली घरी पाठवलं. तो कोर्टात गेला १९९९ साली, सोळा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, पेन्शन दर महिन्याची असते, तेव्हा अन्यायही दर महिन्याचा. दावा चालेल. मागची थकबाकी मात्र दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे उशीर केला तर मेलेला पैसा परत येत नाही, पुढचा येतो.

आणि बोर्डाचं मत वरच्या कचेरीतल्या कारकुनाने बदलायचं नाही. पूर्वी बोर्ड हो म्हणायचं आणि पेन्शनची कचेरी जवानाला न तपासताच नाही म्हणायची. सर्वोच्च न्यायालयाने सॅपर मोहिंदरसिंग खटल्यात १९९३ सालीच हे चूक ठरवलं होतं. कुणाकडे असा कागद असेल, की बोर्डाने पेन्शन द्या म्हटलंय आणि पत्रात नकार आहे, तर तो फेकू नका.

पैसे किती? उदाहरण देतो. शेवटचा पगार चाळीस हजार. शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या तीस टक्के, म्हणजे बारा हजार. वीस टक्के अपंगत्वाला त्याचा पाचवा हिस्सा, चोवीसशे. पण पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरायचं, असा नियम आहे. तो आधी बोर्डआउट झालेल्यांनाच, म्हणजे बोर्डाने मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच, मिळायचा. १० डिसेंबर २०१४ च्या रामअवतार निकालाने मुदत पुरी करून आलेल्यांनाही मिळाला. म्हणजे चोवीसशेचे सहा हजार, वर महागाई भत्ता. इन्हेलर, नेब्युलायझर, महिन्याला दोनदा डॉक्टर. एवढ्यात तेवढं भागतं. माझ्या हवालदारांच्या काळात रक्कम लहान होती, पण इन्हेलरही त्यांच्या घरात कधी दिसला नाही. उशाला निलगिरीच्या तेलाची बाटली असायची.

आता तुमचा उत्साह जरा कमी करतो. सगळे खटले जिंकत नाहीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराच्या जवानाचा दावा नाकारला आणि सांगितलं की बोर्ड हे तज्ज्ञांचं असतं, त्याचं मत उगाच उडवून लावता येत नाही. म्हणजे नुसता धरमवीरसिंगचा निकाल जोडून कागद पाठवला की काम झालं, असं नाही. कुठल्या साली कुठे पोस्टिंग, किती उंची, काम काय, पहिल्यांदा एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, खोकल्यासाठी कधी गेलात, लो मेडिकल कॅटेगरी कधी लागली, ते एकेक मांडावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे हक्कनियम आले. त्यांत भाषा कडक झाली आहे. त्यानंतर रिटायर होणाऱ्यांनी तर आपले कागद आधीपासूनच जपायला हवेत.

यावर लष्करातले काही वरिष्ठ म्हणतात, अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेतात. घेत असतील. पण कोण? महालेखापरीक्षकांच्या अहवालात निवृत्त होताना अपंगत्व पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीच्या आसपास दिसलं. बंकरात बुखारीपाशी झोपणारा जवान कमी आजारी पडतो, असं मला वाटत नाही. इंग्रजी कागद वाचता येणं हीसुद्धा एक रँक आहे. गळती बंद करायच्या नावाखाली नियम आवळले, तर गळा आवळला जाईल तो ज्याला फॉर्मच वाचता येत नाही त्याचा.

अमेरिकेने काय केलं ते थोडक्यात सांगतो. इराक-अफगाणिस्तानात त्यांच्या छावण्यांबाहेर मोठ्या खड्ड्यांत कचरा जाळत, प्लॅस्टिकपासून बॅटऱ्यांपर्यंत सगळा. परतलेल्या जवानांना धाप लागली आणि वर्षानुवर्षं त्यांनाही विचारत राहिले, कशावरून? ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी पॅक्ट नावाचा कायदा केला. अमुक देशांत, अमुक काळात होता आणि आता दमा, ब्राँकायटिस किंवा सीओपीडी आहे, मग ते नोकरीमुळेच धरायचं. जवानाला एकेक श्वास सिद्ध करायला लागत नाही. आपल्याकडे असं का नाही? सियाचिनच्या चौकीवर अमुक महिने काढले, मग छातीचं दुखणं नोकरीचं. लष्कराच्या रेकॉर्डमध्ये कोण कुठे किती दिवस होता याची नोंद असतेच. फक्त ती यादी नियमात घालायची आहे. हे एका सहीचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाडच्या एका गुंतागुंतीबद्दल बोललंच पाहिजे. आपले माजी सैनिक घरी आल्यावर बिरवाडीच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला लागतात. रसायनांच्या कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी. पुढे छाती बिघडली की प्रश्न येतो, फौजेने बिघडवली की कंपनीने? म्हणून फौज सोडतानाच्या बोर्डात छातीची तपासणी लिहून घ्या. पीएफटी म्हणतात ती, नळीत जोराने फुंकायची. पहिल्या सेकंदात सुटलेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल, आणि औषध देऊनही तशीच राहत असेल, तर श्वासाची वाट आकुंचन पावलेली आहे. तो आकडा फौजेतून निघतानाचा असेल तर नंतर कुणीही कंपनीचं नाव पुढे करू शकत नाही. जवान निघायच्या घाईत असतो. घरी जायची गाडी, ट्रंक, पोरांची शाळा. बोर्डाच्या फॉर्मवर सही करतो आणि निघतो. त्या फॉर्मचा नंबर १६. सही करण्याआधी त्याची प्रत मागा. आधीच निघाला असाल तर माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. फी दहा रुपये.

वकिलाच्या फीची भीती वाटते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहाय्यता योजना आणली. सैनिक कल्याण कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदत मिळावी असा तिचा हेतू. अलिबागला जाल तर तिथे विचारा. मोफत वकील मिळाला म्हणून केस कच्ची होत नाही.

हवालदारांच्या घरच्या काकी आज इथे बसल्यात. त्यांची परवानगी घेऊनच हे सगळं बोललो. हवालदार गेले तेव्हा काकींना साधी कुटुंब पेन्शन लागली, शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. मृत्यू नोकरीतल्या दुखण्याने झाला असं मान्य झालं असतं तर विशेष कुटुंब पेन्शन लागली असती, साठ टक्के. हे मला २०१३ नंतर, धरमवीरसिंगचा निकाल वाचल्यावर कळलं. मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. २००५ च्या पुराचं पाणी त्यांच्या घरात आलं होतं, तेव्हा त्यांनी धान्याआधी ही ट्रंक वर चढवली होती. आत डिस्चार्ज बुक होतं, पेन्शनचा आदेश होता, लडाखचा एक फोटो होता आणि तो ‘नाना’चा कागद होता, १९९४ च्या माझ्या टेबलावरच्याच घडीत. त्यांच्या अपिलाचा कागद आता वर गेलेला आहे. काय होईल ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. एवढं मात्र खरं, की तो कागद १९९४ सालीच जायला हवा होता आणि तो अडला होता माझ्या टेबलावर.

उद्या रविवार आहे. सकाळी दहापासून मी याच शाळेच्या पहिल्या वर्गात बसणार आहे. पायऱ्या नाहीत. ज्यांच्या कागदावर ती चार अक्षरं असतील त्यांनी डिस्चार्ज बुक, बोर्डाचा कागद, नकाराचं पत्र आणि पेन्शनचा आदेश घेऊन यावं. वडील गेले असतील तर आईला घेऊन या. कागद फाटलेला असला तरी चालेल, झेरॉक्स असली तरी चालेल. दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या फेकून दिल्या नसतील तर त्याही आणा.